‘वाईट वाटलं’ हे इंग्रजीत कसं सांगायचं? नकारात्मक भावनांचे शब्द शिकताना

प्रश्न असा आहे: इंग्रजीत बोलताना सॅड, अँग्री आणि टेन्शन या तीन शब्दांपलीकडे काही सुचत नाही. समानार्थी शब्दांच्या याद्या पाठ करून झाल्या, तरी बोलायची वेळ आली की तेच तीन तोंडात येतात. मग काय शिकावं आणि कसं?

घोटाळा यादीनेच होतो. ‘राग’ असं शीर्षक देऊन त्याखाली अँग्री, अनॉइड, फ्युरिअस, रिझेंटफुल, इंडिग्नंट हे पाच शब्द एका बैठकीत पाठ केले, की पाचही शब्दांचा अर्थ डोक्यात ‘रागावलेला’ एवढाच उरतो. पाचांचा अर्थ एकच असेल, तर ओठांवर जो आधीपासून बसलाय तोच येणार. अर्थाने जवळचे शब्द एकदम शिकले की ते एकमेकांत मिसळतात, हे १९९०च्या दशकातल्या शब्दशिक्षणाच्या प्रयोगांतही दिसून आलं आहे. भावनेचा शब्द प्रसंगासकट शिकावा लागतो. काय घडलं की तो वापरतात, तो कोणावर रोखलेला असतो, किती जोराचा असतो आणि त्याच्या पाठीमागे कोणतं शब्दयोगी अव्यय (विथ, ऑफ, अबाउट यांसारखं) येतं, एवढं कळल्याशिवाय तो वापरात येत नाही.

शब्दांआधी वाक्याची घडण बघू, कारण मराठी माणसाची पहिली ठेच तिथेच लागते. मराठीत भावना माणसाकडे येते: मला राग आला, मला भीती वाटते, मला कंटाळा आलाय. इंग्रजीत माणूस त्या भावनेत असतो किंवा त्या अवस्थेत जातो. त्यासाठी तीन क्रियापदं पुरतात. ‘आहे’साठी बी, ‘वाटतं’साठी फील आणि ‘आला’साठी गेट. ‘मला राग आला’ म्हणजे ‘आय गॉट अँग्री’. पण ‘मला राग आलाय’ हे वाक्य येण्याबद्दल बोलत नाही, आत्ताच्या स्थितीबद्दल बोलतं, म्हणून ते ‘आय ॲम अँग्री’. मराठी वळणाच्या जवळ जाणारी एक रचना इंग्रजीतही आहे आणि ती लवकर हाताशी घ्यावी: ‘इट मेक्स मी अँग्री’. म्हणजे ‘त्याचा मला राग येतो’. इथे ‘मी’ कर्त्याच्या जागी नाही, त्यामुळे मराठी मनाला ती सोपी जाते. ‘इट अपसेट्स मी’, ‘इट बॉदर्स मी’ ही त्याच घराण्यातली.

दुसरी ठेच बोअर्ड आणि बोअरिंगची. कंटाळलेला आणि कंटाळवाणा हा फरक मराठीत आपण कधीच चुकवत नाही, तोच इथे लावा. ज्याला भावना झाली तो एड-वाला, जिच्यामुळे झाली ती गोष्ट इंग-वाली. ‘आय ॲम बोअरिंग’ म्हणजे ‘मी कंटाळवाणा माणूस आहे’. फ्रस्ट्रेटेड आणि फ्रस्ट्रेटिंग, डिसअपॉइंटेड आणि डिसअपॉइंटिंग हे असेच चालतात. मात्र काही जोड्या वेगळ्या आहेत, त्या पाठच कराव्या लागतात: माणूस स्केअर्ड, गोष्ट स्केअरी, माणूस स्ट्रेस्ड, काम स्ट्रेसफुल, माणूस अशेम्ड, कृत्य शेमफुल. आणि ‘आय ॲम गेटिंग बोअर’ या रोजच्या वाक्यात शेवटचा ‘ड’ गळतो. बोअर ही व्यक्ती असते, पकवणारी.

आता ‘वाईट वाटलं’. मराठीतला हा इतका सोयीचा शब्दप्रयोग आहे की तो वापरताना आपण नेमकं काय वाटलं याचा विचारच करत नाही. ‘मला त्याचं वाईट वाटलं’ या एका वाक्यातून निदान चार गोष्टी निघतात. त्याच्यावर काही ओढवलं आणि मला कणव आली: ‘आय फेल्ट सॉरी फॉर हिम’ किंवा ‘आय फेल्ट बॅड फॉर हिम’. त्याच्या बोलण्याने मी दुखावलो: ‘आय वॉज हर्ट बाय व्हॉट ही सेड’. मीच त्याला काही बोललो आणि आता टोचणी लागली आहे: ‘आय फील बॅड अबाउट इट’ किंवा ‘आय फील गिल्टी अबाउट इट’. त्याच्याकडून अपेक्षा होती, ती फोल ठरली: ‘आय वॉज डिसअपॉइंटेड’. या चारही ठिकाणी ‘आय फेल्ट सॅड’ म्हटलं तर ऐकणाऱ्याला चूक कोणाची हेच कळत नाही. ‘बॅड फॉर’ आणि ‘बॅड अबाउट’ यांतला फरक विशेष जपा. फॉर म्हणजे दुसऱ्यासाठी, अबाउट म्हणजे बहुतेकदा माझ्या हातून झालेल्या गोष्टीबद्दल.

डिसअपॉइंटेडच्या मागेही हाच खेळ आहे. ‘डिसअपॉइंटेड विथ द रिझल्ट’ ही साधी तक्रार. ‘आय ॲम डिसअपॉइंटेड इन यू’ हे मात्र फार लागणारं वाक्य आहे. त्यात ‘तू असा असशील असं वाटलं नव्हतं’ हा भाव येतो. वापरण्याआधी खरंच तसंच म्हणायचं आहे ना, हे पाहा.

खंत आणि पश्चात्तापासाठी रिग्रेट. इथे एक खड्डा आहे. ‘आय रिग्रेट सेइंग दॅट’ म्हणजे मी ते बोललो याचा पश्चात्ताप होतो. ‘आय रिग्रेट टु से दॅट’ म्हणजे मला खेदाने सांगावं लागतंय की. पहिल्यात बोलून झालंय, दुसऱ्यात आता बोलणार आहे. औपचारिक पत्रातलं ‘वी रिग्रेट टु इन्फॉर्म यू’ हे दुसऱ्या जातीचं.

रागाच्या शब्दांत जोर आणि कारण दोन्ही बघावं लागतं. किरकोळ चिडचिड म्हणजे अनॉइड किंवा इरिटेटेड. साधा राग अँग्री. संताप फ्युरिअस. इथपर्यंत पायऱ्या सरळ चढतात, पण खरी गंमत कारणांवरून वेगळे होणाऱ्या शब्दांत आहे. फ्रस्ट्रेटेड हा रागाचा प्रकार समजला जातो, पण त्याच्या मुळाशी अडवणूक असते. लॅटिन ‘फ्रुस्त्रा’ म्हणजे व्यर्थ, हे लक्षात ठेवलं की शब्द चुकत नाही: प्रयत्न चालू आहेत आणि वाया जातायत, म्हणून होणारी चडफड. फॉर्म तिसऱ्यांदा भरतोय आणि तो तिसऱ्यांदा नाकारला जातोय, तर फ्रस्ट्रेटेड. इंडिग्नंट म्हणजे अन्यायाची चीड, बहुधा ‘माझ्यावर असा आळ घ्यावा?’ या धर्तीची. रिझेंटफुल म्हणजे मनात धरलेला राग, अढी. रिझेंट या शब्दाच्या मुळात ‘पुन्हा जाणवणं’ आहे, आणि ती भावना तशीच असते: प्रसंग संपतो, तो आठवला की परत डंख बसतो. एक्झास्परेटेड हा आपला वैताग, सहनशक्ती संपल्यावरचा. राग अनावर झाला, तोंड सुटलं, तर ‘ही लॉस्ट हिज टेंपर’.

रुसणं मात्र इंग्रजीत नीट सापडत नाही. सल्क हे क्रियापद सर्वांत जवळचं, पण सल्क करणाऱ्याबद्दल बोलणाऱ्याच्या मनात नाराजी असते. आपल्या रुसव्यात जो लाडिकपणा आहे तो त्यात नाही. ‘ती रुसली आहे’ हे कौतुकाने सांगायचं असेल तर सल्किंग म्हणू नका, दोन वाक्यांत प्रसंग सांगा.

मॅड हा शब्द अमेरिकन बोलण्यात ‘रागावलेला’ म्हणून सर्रास चालतो, ब्रिटिश कानांना आधी ‘वेडा’ ऐकू येतो. परक्या माणसाशी बोलताना अँग्री सुरक्षित.

लाजेकडे जरा थांबून बघण्यासारखं आहे, कारण इथे मराठीत एक शब्द आणि इंग्रजीत पाच-सहा. पाहुण्यांसमोर दाराआड लपणारं मूल शाय असतं, तो स्वभाव. भाषण करताना आपले हात कुठे ठेवावेत हे न कळणारा सेल्फ-कॉन्शस, म्हणजे सगळे माझ्याकडेच बघतायत या जाणिवेने अवघडलेला. दोन माणसांत बोलणं संपतं आणि कोणीच काही बोलत नाही, ती शांतता ऑकवर्ड. चुकीच्या माणसाला मागून हाक मारली, तर एम्बरॅस्ड: चारचौघांत फजिती, पण पाप नाही. खोटं बोललो आणि त्याची लाज वाटते, तर अशेम्ड: इथे कोणी पाहिलं नसलं तरी मन खातं. दुसऱ्याने मुद्दाम सर्वांसमोर कमीपणा दिला, तर ह्युमिलिएटेड. एम्बरॅस्डच्या जागी अशेम्ड वापरणं ही सर्वांत नेहमीची चूक, आणि ती महागात पडते. ‘आय ॲम अशेम्ड ऑफ माय इंग्लिश’ म्हटलं तर माझं इंग्रजी कच्चं असणं हा नैतिक गुन्हा आहे असं ऐकू येतं. म्हणायचं असतं ‘आय फील सेल्फ-कॉन्शस अबाउट माय इंग्लिश’ किंवा फार तर एम्बरॅस्ड. हा शब्द लिहिताना दोन आर आणि दोन एस, हेही हाताला लावून घ्या.

टेन्शन हा शब्द मराठीने इतका आपला केला आहे की तो इंग्रजीत परत नेताना अडचण होते. इंग्रजीत टेन्शन असतं ते दोन माणसांमधलं, खोलीतल्या वातावरणातलं, मानेच्या स्नायूंतलं. ‘आय ॲम इन टेन्शन’ किंवा ‘डोन्ट टेक टेन्शन’ बाहेरच्या माणसाला चमत्कारिक वाटतं. ‘डोन्ट वरी’ म्हणा. स्वतःबद्दल सांगताना आधी ठरवा: एखाद्या ठरावीक गोष्टीची काळजी आहे का? मग ‘वरीड अबाउट’. तासाभरात परीक्षा किंवा मुलाखत आहे आणि पोटात गोळा आलाय? नर्व्हस. कामाचा डोंगर आहे? स्ट्रेस्ड. काय होईल कळत नाही आणि मन सतत टांगणीला लागलंय? अँक्शस. हा शब्द गळा आवळण्याच्या अर्थाच्या लॅटिन धातूपासून आला आहे, आणि शरीराला तसंच जाणवतं. त्याचा उच्चार ‘अँक्शस’, पण नाम झालं की ‘अँग्झायटी’. ‘अँक्शस टु मीट यू’ म्हणजे मात्र भेटायला उत्सुक, थोड्या अधीरपणाने. पाठीमागचा एक ‘टु’ अर्थ फिरवतो.

धास्तीला ड्रेड. पुढे येऊ घातलेल्या गोष्टीची नकोशी भीती. हे क्रियापद म्हणून फार छान चालतं: ‘आय ड्रेड गोइंग बॅक’. अफ्रेड आणि स्केअर्ड रोजचे, टेरिफाइड टोकाचा. घाबरगुंडी उडाली तर ‘आय पॅनिक्ड’. ‘आय वॉज पॅनिक’ असं वाक्य होत नाही, आणि भूतकाळ लिहिताना मध्ये के घालावा लागतो.

कंटाळ्याबद्दल एक गोष्ट सांगितलीच पाहिजे. ‘मला कंटाळा आलाय’ म्हणजे बोअर्ड, पण ‘मला उठायचा कंटाळा आलाय’ म्हणजे बोअर्ड नाही, तो आळस आहे. तिथे ‘आय डोन्ट फील लाइक गेटिंग अप’. तेच तेच करून उबग आला असेल तर ‘फेड अप विथ’ किंवा ‘सिक ऑफ’. किळस आली तर डिसगस्टेड. एखादी गोष्ट मुळीच सहन होत नसेल तर ‘आय कान्ट स्टँड इट’. ‘आय ॲम हेटिंग दिस’ हे आपल्याकडचं चालू वळण. हेट शक्यतो साध्या वर्तमानकाळात ठेवावं.

अजून काही शब्द मराठीतून थेट उचलले की फसवतात. ‘मी निराश आहे’ म्हणून ‘आय ॲम होपलेस’ म्हटलं, तर ऐकणाऱ्याला ‘मी कुचकामी आहे’ असं कळतं. ‘आय फील होपलेस’ म्हटलं की आशा संपल्याची भावना पोचते. एकटा आणि एकाकी यांतलं अंतर अलोन आणि लोनली यांतही आहे. अलोन म्हणजे सोबत कोणी नाही, त्यात दुःख असेलच असं नाही. ‘तुझी आठवण येते’ म्हणजे ‘आय मिस यू’. ‘आय रिमेंबर यू’ म्हणजे फक्त ‘तू मला आठवतोस, ओळख पटली’. हेवा आणि मत्सर यांसाठी एन्व्हिअस आणि जेलस. दुसऱ्याकडे आहे ते मला हवं, ही एन्व्ही. माझं आहे ते तिसरा नेईल, ही खरी जेलसी. रोजच्या बोलण्यात जेलस दोन्हीकडे चालतो, म्हणून आधी तोच शिका. पाठीमागे दोघांनाही ऑफ.

शब्दयोगी अव्ययांचा तक्ता पाठ करू नका, तो टिकत नाही. तरी एक धागा बराच उपयोगी पडतो. माणसावर राग असेल तर विथ किंवा ॲट, गोष्टीबद्दल असेल तर अबाउट: ‘अँग्री विथ हर अबाउट द मनी’. काळजीचे बहुतेक शब्द अबाउट घेतात. भीती, लाज आणि मत्सर ऑफकडे जातात: अफ्रेड ऑफ, अशेम्ड ऑफ, जेलस ऑफ.

व्हेरीबद्दलही सावध राहा. जे शब्द आधीच टोकाचे आहेत त्यांना व्हेरी शोभत नाही. व्हेरी अँग्री ठीक, पण फ्युरिअसला ॲब्सोल्यूटली. टेरिफाइड आणि डिव्हॅस्टेटेड यांचंही तेच. डिव्हॅस्टेटेड तर कोसळून गेलेल्या माणसाचा शब्द आहे, जवळचं माणूस जाणं किंवा आयुष्याची घडी मोडणं अशा प्रसंगांचा. बस चुकली म्हणून तो खर्च करू नये. शिवाय अफ्रेड आणि अशेम्ड हे नामाच्या आधी बसत नाहीत. ‘ॲन अफ्रेड चाइल्ड’ चुकीचं, ‘अ फ्रायटन्ड चाइल्ड’ बरोबर. लर्नर्स डिक्शनरीत अशा शब्दांपुढे ‘नॉट बिफोर नाउन’ अशी खूण असते. भावनेचा शब्द बघताना अर्थापेक्षा ही खूण आणि उदाहरणाची वाक्यं आधी वाचा.

आता शिकायचं कसं. नाट्यशास्त्रात आठ स्थायी भाव, म्हणजे मनात मुळातच असणाऱ्या भावना, सांगितले आहेत. त्यांतले चार आपल्या कामाचे, त्यांचे चार कप्पे करा: शोक, क्रोध, भय आणि जुगुप्सा (किळस). मानसशास्त्रज्ञ पॉल एकमन यांच्या सहा मूळ भावनांतही हे चार आहेत. लाज आणि मत्सर नाट्यशास्त्रात व्रीडा आणि असूया या नावांनी तेहतीस व्यभिचारी, म्हणजे येणाऱ्या-जाणाऱ्या, भावांत येतात; त्यांचा पाचवा कप्पा करा. आठवड्याला पाच शब्द घ्यायचे, पण प्रत्येक कप्प्यातून एकच. म्हणजे जवळचे शब्द एका आठवड्यात भेटतच नाहीत आणि मिसळत नाहीत. पहिल्या आठवड्यात डिसअपॉइंटेड, अनॉइड, नर्व्हस, फेड अप, एम्बरॅस्ड. दुसऱ्यात लोनली, फ्रस्ट्रेटेड, वरीड, डिसगस्टेड, जेलस. तिसऱ्यात हर्ट, फ्युरिअस, अँक्शस, बोअर्ड, गिल्टी. चौथ्यात मिझरेबल, रिझेंटफुल, ड्रेड, कान्ट स्टँड, अशेम्ड. चार आठवड्यांत वीस, आणि रोजच्या बोलण्याचं बरंचसं काम या विसांत भागतं. रोज एक शब्द घेतला की आठवड्याचे दोन दिवस उरतात; त्यांत नवीन काही नाही, फक्त उजळणी.

प्रत्येक शब्दाचं एक कार्ड. पुढच्या बाजूला शब्द लिहायचा नाही, त्याचा मराठी अर्थही नाही. तिथे मराठीत प्रसंग लिहा: ‘तिसऱ्यांदा पासवर्ड टाकला, तरी उघडत नाही’. मागे पूर्ण इंग्रजी वाक्य, कारणासकट: ‘आय ॲम फ्रस्ट्रेटेड बिकॉज इट कीप्स फेलिंग’. बोलताना तुमच्यापुढे शब्द नसतो, प्रसंग असतो. म्हणून आठवण्याचा सरावही प्रसंगाकडून शब्दाकडेच हवा. कार्ड दुसऱ्या दिवशी, चौथ्या दिवशी, अकराव्या दिवशी आणि महिन्याने पुन्हा काढा. मागची बाजू बघण्याआधी वाक्य मोठ्याने म्हणा. मनातल्या मनात म्हटलं की अव्यय गळतं आणि गळल्याचं कळतही नाही.

वीस शब्द झाले की एक प्रसंग घेऊन त्यातून शब्द फिरवा. समजा मित्र पाचला येतो म्हणाला. साडेपाचला तुम्ही ‘अ बिट अनॉइड’. सहाला फोन लागत नाही, राग ओसरतो आणि तुम्ही ‘वरीड अबाउट हिम’. सव्वासहाला कळतं की तो दुसरीकडे मजेत बसलाय आणि तुम्हाला कळवावंसंही त्याला वाटलं नाही: ‘हर्ट’. सातला येऊन तो म्हणतो, ‘एवढं काय झालं?’ तिथे ‘फ्युरिअस’. पंधरा दिवसांनी त्याने काही मदत मागितली आणि ती संध्याकाळ आठवून हात आखडला, तर ‘आय स्टिल रिझेंट इट’. दोन तासांत चार शब्द, पाचवा पंधरवड्याने, आणि प्रत्येक वेळी नवीन काहीतरी घडलं म्हणून शब्द बदलला. स्वतःच्या आठवड्यातला असा एक प्रसंग घेऊन सहा-सात ओळी लिहा, घड्याळाच्या वेळा घालून. अडेल तिथे आधी नेमका मराठी शब्द शोधा: हिरमुसलो, खजील झालो, हळहळलो, धसका घेतला. मराठी शब्द नेमका मिळाला की इंग्रजी शोधायला सोपा जातो. हुरहुर किंवा घालमेल यांसारख्याला एकच शब्द सापडला नाही तर अडून बसू नका, ‘आय कुडन्ट सिट स्टिल’ असं वागणं सांगा.

कामाच्या ईमेलमध्ये यांतले थोडेच चालतात. कन्सर्न्ड, डिसअपॉइंटेड आणि फ्रस्ट्रेटेड हे तिन्ही सभ्य आहेत: ‘आय ॲम कन्सर्न्ड अबाउट द डिले’. हर्ट आणि अपसेट खासगी वाटतात, फ्युरिअस भांडण लावतं. ब्रिटिश वळणाच्या पत्रात ‘वी आर अ लिटल डिसअपॉइंटेड’ आलं तर ‘लिटल’वर विसंबू नका, समोरचा बराच नाराज असू शकतो.

आणि डॉक्टरांशी किंवा समुपदेशकाशी इंग्रजीत बोलायची वेळ आली तर नेमका शब्द खरोखर महत्त्वाचा ठरतो. दोन दिवस मूड नव्हता म्हणून डिप्रेस्ड म्हणण्याची सवय असेल, तर खरंच त्रास असताना तो कसा सांगणार? साध्या उदासीला ‘फीलिंग डाउन’ किंवा ‘लो’ म्हणा. नैराश्याची तपासणी करताना वापरली जाणारी पीएचक्यू-९ ही नऊ प्रश्नांची प्रश्नावली मागच्या दोन आठवड्यांत काय आणि किती दिवस जाणवलं हे विचारते. उत्तरही त्याच पद्धतीने द्या, भावना आणि तिचे दिवस. सतत ताणलेलं वाटत असेल तर ‘ऑन एज’, काहीच जाणवेनासं झालं असेल तर ‘नम्ब’, झेपत नसेल तर ‘ओव्हरव्हेल्म्ड’. ‘आय हॅव फेल्ट लो निअर्ली एव्हरी डे फॉर थ्री वीक्स’ हे वाक्य मोठमोठ्या दहा विशेषणांपेक्षा डॉक्टरांच्या जास्त उपयोगाचं आहे. आणि जगू नये असं वाटत असेल तर शब्द शोधत बसू नका, ते मराठीत, जसं येईल तसं, लगेच सांगा.